संगीतकारावरचा चित्रपट आणि त्यातले संगीत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी इंदूरच्या रामबाग भागात राहतो. पाश्चात्त्य संगीताचा माझा अभ्यास नाही; आयुष्यभर ऐकले ते ख्यालगायन आणि नाट्यसंगीत. अलीकडे मुलीच्या आग्रहावरून 'ॲमेडियस' हा मोत्सार्ट या संगीतकारावरचा जुना इंग्रजी चित्रपट पाहिला. चित्रपट फार आवडला, परंतु दोन शंका मनात राहिल्या. त्यात वाजणारे संगीत खरोखर मोत्सार्टचेच आहे, की आपल्याकडच्या चित्रपटांप्रमाणे ते कोणी नव्याने रचून दिले आहे? आणि सालिएरी या दुसऱ्या संगीतकाराने मत्सरापोटी त्याचा घात केला, हे कितपत खरे मानावे?

उत्तर : आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येण्यासारखे आहे, म्हणून ते आधी देतो. सालिएरीने मोत्सार्टचा घात केला याला कोणताही पुरावा नाही. सालिएरीच्या उतारवयात व्हिएन्नात तशी कुजबूज होती. 1825 मध्ये त्याचे निधन झाल्यावर पाचच वर्षांनी पुश्किन या रशियन कवीने त्या कुजबुजीवर एक छोटे नाटक लिहिले. याच कथेवरचे पीटर शॅफर यांचे नाटक 1979 साली रंगभूमीवर आले आणि त्यावरून मिलोश फोर्मन यांनी 1984 मध्ये हा चित्रपट केला. कागदपत्रे निराळेच सांगतात. मृत्यूच्या काही आठवडे आधी, ऑक्टोबर 1791 मध्ये, मोत्सार्टने पत्नीला लिहिलेल्या पत्रात सालिएरीला आपण 'मॅजिक फ्लूट' ही संगीतिका पाहायला नेले आणि त्याने प्रत्येक गाण्याला मनापासून दाद दिली, असे आनंदाने कळवले आहे. पुढे मोत्सार्टच्या धाकट्या मुलाला सालिएरीने संगीत शिकवले. बेथोव्हेन आणि शूबर्ट हेही त्याचे विद्यार्थी होते. मोत्सार्ट, सालिएरी आणि आणखी एक संगीतकार यांनी मिळून 1785 मध्ये रचलेली एक छोटी गायनरचना बराच काळ हरवलेली होती, ती काही वर्षांपूर्वी प्रागच्या संग्रहालयात सापडली. तेव्हा चित्रपटातला सालिएरी हे एक कल्पित पात्र आहे असे समजून पाहावे. खऱ्या सालिएरीवर मात्र या कथेने अन्याय केला आहे, आणि त्याच्या संगीतिका ऐकल्यावर तो अन्याय मला अधिकच जाणवतो.

आता संगीताकडे येऊ, कारण आपला खरा प्रश्न तोच आहे आणि चित्रपटाचे सारे बळही तिथेच आहे. होय, त्यातले बहुतेक संगीत मोत्सार्टचेच आहे. लंडनच्या 'अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स' या वाद्यवृंदाने नेव्हिल मॅरिनर यांच्या संचालनाखाली ते वाजवले आहे. मॅरिनर यांनी हे काम स्वीकारताना मोत्सार्टच्या मूळ संगीतात फेरफार करायचा नाही अशी अट घातली होती, आणि ती पाळली गेली. प्रसंगाच्या गरजेप्रमाणे रचना मध्येच थांबवली आहे, तिचा एखादा भागच घेतला आहे, पण तिच्यावर नवी वाद्ये चढवणे किंवा तिची चाल उचलून पार्श्वसंगीतासाठी वळवणे असले काही केलेले नाही. एक अपवाद आपल्याही लक्षात आला असेल. मोत्सार्ट दरबारात प्रथम येतो तेव्हा सालिएरीने रचलेली स्वागताची एक साधीशी धून वाजते, आणि मोत्सार्ट बसल्या बैठकीला ती फुलवून 'फिगारो' या आपल्या संगीतिकेतल्या एका प्रसिद्ध गाण्यापर्यंत नेतो. ती धून सालिएरीची नाही. मोत्सार्टचे ते गाणे समोर ठेवून, त्याचा साज उतरवत उतरवत, चित्रपटासाठी ती उलट दिशेने घडवलेली आहे.

संगीत आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवले जात असे आणि नटांचा अभिनय त्यावर बेतलेला असे. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांत गाण्यांपुरती ही रीत असते. इथे ती पुष्कळ अधिक लांबवर नेली आहे. चित्रपट सुरू होताच म्हातारा सालिएरी स्वतःला इजा करून घेतो आणि त्याला बर्फातून इस्पितळात नेतात, तेव्हा जी झंझावाती सिम्फनी ऐकू येते ती मोत्सार्टची 25 वी, वयाच्या सतराव्या वर्षी, 1773 मध्ये लिहिलेली. कॅमेऱ्याची हालचाल आणि दृश्यांचे तुकडे त्या संगीताच्या आघातांवर बांधलेले आहेत. इतर चरित्रपटांत संगीत दृश्याच्या मागे चालते, इथे दृश्य संगीताच्या मागे चालते, आणि म्हणूनच पाश्चात्त्य संगीत न शिकलेल्या माणसालाही हा चित्रपट आपलासा वाटतो.

परंतु दिग्दर्शकापुढची खरी अडचण वेगळी होती. आपला गवई रचतो ते पुष्कळसे आपल्या डोळ्यांदेखत. बंदिश आधीची असली तरी आलाप, बोलअंग, ताना हे सारे त्या घटकेला घडते आणि ऐकणाऱ्याला ते घडताना दिसते. युरोपातल्या संगीतकाराची निर्मिती कागदावर होते. तो टाक आणि कागद घेऊन बसतो आणि वीस-पंचवीस वाद्यांचे स्वर मनात ऐकून ते खुणांनी उतरवतो. यात पडद्यावर दाखवण्यासारखे काय आहे? अशा चित्रपटांत सहसा संगीतकार विस्कटलेल्या केसांनी खिडकीबाहेर पाहतो, एकाएकी त्याला काहीतरी सुचते आणि मागे वाद्यवृंद गरजू लागतो. त्यातून संगीत कसे घडले हे काहीच कळत नाही. फोर्मन आणि शॅफर यांनी यावर जो उपाय शोधला तो मला असामान्य वाटतो. मोत्सार्टचे संगीत त्यांनी सालिएरीच्या कानांनी ऐकवले. ज्याला संगीत कळते पण तसे रचता येत नाही, असा माणूस स्वरलिपीचा कागद हातात धरून आपल्याला सांगतो की आता काय होणार आहे, आणि ते तसे होते.

तेरा वादकांसाठी लिहिलेल्या एका सेरेनेडचा तिसरा, संथ भाग असलेला प्रसंग आपण पुन्हा पाहावा. सालिएरी म्हणतो की पानावर तर काहीच विशेष नाही, बॅसून आणि बॅसेट-हॉर्न या फुंकून वाजवायच्या वाद्यांची खालच्या पट्टीतली एकसुरी धडधड आहे. तेवढ्यात वर कुठूनतरी ओबोचा एकच स्वर येतो आणि न हलता टिकून राहतो, आणि मग क्लॅरिनेट तो स्वर आपल्याकडे घेऊन त्याचे वाक्य करते. सालिएरीचे हे बोलणे संपायच्या आत आपण तेच ऐकत असतो. भारतीय श्रोत्याला हा प्रसंग लवकर कळतो असा माझा अनुभव आहे, कारण एका स्वरावर थांबणे म्हणजे काय आणि थांबलेल्या स्वरातून पुढची जागा कशी उघडते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो.

दुसरा प्रसंग शेवटाकडचा, 'रिक्वीएम' म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा. अंथरुणाला खिळलेला मोत्सार्ट सांगतो आहे आणि सालिएरी लिहून घेतो आहे. भाग आहे 'कन्फ्युटॅटिस', अर्थात पापी ज्वाळांत लोटले जात असतानाचा. आधी खर्जातल्या पुरुषआवाजांची ओळ एकटी ऐकू येते. मग तिच्यामागून उंच पुरुषआवाजांची. मग या दोघींना आधार देणारी बॅसून आणि ट्रॉम्बोन ही वाद्ये. मग कर्णे आणि नगारे. आणि तळाशी सर्व तंतुवाद्यांची मिळून एकच उसळती आकृती. सालिएरी मध्येच गोंधळतो, 'फार भरभर सांगतोस' म्हणून तक्रार करतो, आणि नंतर जेव्हा सारे धागे एकत्र वाजतात तेव्हा प्रथमच ऐकणाऱ्या माणसालाही प्रत्येक धागा वेगळा ओळखता येतो. मेलडीच्या, म्हणजे एकेरी सुरावटीच्या, परंपरेत वाढलेल्या आपल्या कानांना हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांचा मेळ, कशी ऐकावी हे समजावून सांगायला मोठमोठी व्याख्याने अपुरी पडतात, ते काम या एका प्रसंगाने केले आहे.

आता इतिहास. सालिएरी त्या अंथरुणाशेजारी कधीच बसला नव्हता. रिक्वीएम लिहून घेण्याची मागणी निनावी आली होती हे खरे, पण ती मृत्युदूताची किंवा सालिएरीची नव्हती. वाल्झेग नावाच्या एका सरदाराने दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ मध्यस्थामार्फत ती केली होती. मोत्सार्ट 5 डिसेंबर 1791 रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला तेव्हा रचना अपुरी होती आणि ती त्याचा सहकारी झ्यूसमायर याने पुरी केली. 'कन्फ्युटॅटिस'मध्ये गायकांच्या ओळी आणि तळाचा खर्ज मोत्सार्टच्या हातचे आहेत. वाद्यांची भर बरीचशी मागून इतरांनी घातली. अंत्यसंस्काराच्या दृश्यात वाजणाऱ्या 'लॅक्रिमोसा'चे तर पहिले आठच बार, म्हणजे तालाचे छोटे विभाग, मोत्सार्टच्या अक्षरात सापडतात. म्हणजे चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांत पाणी येते त्या घटकेला आपण अर्धेअधिक झ्यूसमायरचे संगीत ऐकत असतो, आणि त्या गृहस्थाचे नाव मात्र चित्रपटाच्या कथेत कुठेच येत नाही. याची मला खंत वाटते.

आणखी एक गोष्ट चित्रपटाने लोकांच्या मनात पक्की रुजवली आहे, तिच्याविषयी सावध राहावे. सालिएरी मोत्सार्टची मूळ हस्तलिखिते चाळतो, प्रत्येक पानाबरोबर नवी रचना ऐकू येते आणि कुठेही खाडाखोड नाही हे पाहून तो थरारतो. प्रसंग म्हणून तो अप्रतिम आहे. प्रत्यक्षात मोत्सार्टचे कच्चे आराखडे आणि दुरुस्त्या उपलब्ध आहेत, आणि हायडन या ज्येष्ठ संगीतकाराला अर्पण केलेल्या, चार तंतुवाद्यांसाठीच्या सहा रचनांच्या अर्पणपत्रिकेत त्याने स्वतःच त्यांना दीर्घ आणि कष्टाच्या परिश्रमाचे फळ म्हटले आहे. दैवी देणगी आणि कष्ट यांना एकमेकांसमोर उभे करण्याची कल्पना नाटकाला सोयीची असते, परंतु रियाज करणाऱ्या मुलांच्या मनावर तिचा परिणाम चांगला होत नाही.

प्रश्न : मी मूळची ग्वाल्हेरची, आता इंदूरला असते. 'बैजू बावरा' या चित्रपटातली तानसेन-बैजू यांची स्पर्धा सर्वांना आवडते, पण मला ती पाहताना नेहमी अडखळायला होते. तानसेन आणि बैजू हे धृपदाचे रचनाकार. ते ख्याल कसे गातील? ग्वाल्हेरच्या माणसाला तरी हे खटकायला हवे ना?

उत्तर : आपली हरकत इतिहासाच्या दृष्टीने बिनतोड आहे. ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमराच्या आश्रयाने धृपद भरभराटीला आले ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या आरंभी. बैजूचे नाव परंपरेने त्याच दरबाराशी जोडले जाते, तर तानसेन अकबराच्या दरबारात गेला तो त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आसपास. म्हणजे दोघांची अकबरासमोर स्पर्धा हीच मुळात दंतकथा. ख्यालाला आज आपण ओळखतो ते रूप आले अठराव्या शतकात, महंमदशहाच्या दरबारातल्या सदारंगांच्या काळात. तानसेनाच्या तोंडी द्रुत ख्याल आणि त्याच्या जलद ताना घालणे म्हणजे सुमारे दोनशे वर्षांची उडी आहे.

तरीही मी त्या प्रसंगाच्या बाजूने बोलणार आहे. मोत्सार्टच्या बाबतीत चित्रपटकारांना एक सोय होती : त्याने लिहिलेला स्वर अन् स्वर कागदावर शिल्लक आहे. तानसेनाच्या नावावर धृपदांची पदे आहेत, मियाँ की मल्हार, मियाँ की तोडी, दरबारी असे राग त्याच्या नावाने चालत आले आहेत, पण तो ते कसे गात असे हे सांगणारा कागद नाही. त्यामुळे इथे चित्रपटापुढे खरा प्रश्न असा होता की हे दोन मोठे रचनाकार आहेत, हे आजच्या प्रेक्षकाच्या कानांना कशावरून पटावे? 1952 साली दिग्दर्शक विजय भट्ट आणि संगीतकार नौशाद यांनी त्याचे उत्तर म्हणून तानसेनासाठी आपल्या इंदूरचे अमीर खाँसाहेब आणि स्पर्धेतल्या बैजूसाठी बापूराव पलुस्कर यांना बोलावले. उरलेल्या चित्रपटात बैजू महंमद रफी यांच्या आवाजात गातो, 'मन तडपत हरि दरसन को आज' हे मालकंसातले भजनही त्यातलेच, आणि अखेरच्या स्पर्धेत मात्र त्याचा आवाज बदलतो. कोणत्याही प्रेक्षकाची त्याबद्दल तक्रार ऐकलेली नाही, कारण त्या ठिकाणी खऱ्या गवयाचाच गळा हवा हे सगळ्यांना मनातून पटलेले असते.

'आज गावत मन मेरो झूमके' ही देसी रागातली चीज आपण एकदा चित्र न पाहता ऐकावी. देसी हा सकाळच्या दुसऱ्या प्रहराचा राग. चढताना सारंगाची आठवण देणारा, उतरताना कोमल गंधारावरून वळणे घेत येणारा, आणि ती वळणे चुकली तर लगेच विस्कटणारा. इतक्या वक्र रागात जलद लयीत दोघांनी एकच मुखडा पकडून सवालजवाब करायचे, हे सोपे नाही. दोघेही एकच बंदिश गात असताना त्यांचे स्वभाव वेगळे ऐकू येतात, हीच त्या ध्वनिमुद्रणाची थोरवी आहे. खाँसाहेबांचा आवाज घुमारदार, खालून भरत येणारा. त्यांची सरगम स्वरांच्या उलटसुलट जोडण्या करत, मेरखंडाच्या वाटेने विचार करत पुढे सरकते आणि तानेला गमकेचे वजन असते. बापूरावांचा आवाज निर्मळ आणि गोड, तान दाणेदार आणि सरळ, मुखड्यावर येण्याची पद्धत ग्वाल्हेरची. अतिविलंबित झूमरा तालात एकेक स्वर मांडण्यासाठी ज्यांची कीर्ती झाली, त्या खाँसाहेबांना इथे पाचेक मिनिटांत दुसऱ्या गवयाच्या खांद्याला खांदा लावून सारे सांगावे लागले आहे, आणि तरीही त्यांची गायकी कुठे आक्रसलेली वाटत नाही. कथेच्या गरजेसाठी तानसेनाने हरायचे आहे, परंतु कानाला हार-जीत ऐकू येत नाही. बैजूच्या गाण्याने संगमरवर विरघळतो तो पडद्यावर; ध्वनिमुद्रणात दोन्ही कलावंत सारख्याच उंचीवर उभे आहेत.

ग्वाल्हेरच्या माणसाने खंत करण्यापेक्षा एका गोष्टीचा आनंद मानावा, असे मला सुचवावेसे वाटते. ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू-हद्दू खाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, त्यांच्याकडून पंडित विष्णु दिगंबरांकडे आणि तिथून त्यांच्या शिष्यांमार्फत बापूरावांपर्यंत आली. म्हणजे ज्या तानसेनाची समाधी ग्वाल्हेरला आहे त्याला आवाज दिला इंदूरच्या गवयाने, आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या रूपाने गायली ती ग्वाल्हेरची गायकी. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1955 मध्ये, बापूराव वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. पडद्यावरच्या कथेमुळे का होईना, या दोन घराण्यांचे हे दोन गवई एका बंदिशीत एकत्र सापडतात, याचे मोल मला तानसेनाच्या तोंडच्या अनैतिहासिक ख्यालापेक्षा फार मोठे वाटते.

मात्र आपल्या हरकतीतला एक भाग मी मान्य करतो. स्पर्धेआधी एखाद्या प्रसंगात तानसेनाला नुसत्या तानपुऱ्याच्या साथीने धृपदाचा संथ नोमतोम आलाप दोन-तीन मिनिटे करू दिला असता, तर कथेला काहीही बाधा आली नसती आणि लाखो लोकांच्या कानांवर धृपद गेले असते. त्या काळात डागर घराण्याचे गायक होते. ती संधी गेली हे खरे.

प्रश्न : माझी बारा वर्षांची नात इंदूरमध्येच ख्याल शिकते आहे. तिला हे चित्रपट आधी दाखवावेत, की मूळ संगीत आधी ऐकवावे?

उत्तर : तिला आधी ऐकवावे. चित्रपट एकदा पाहिला की पुढे त्या रचनेबरोबर ती दृश्येच आठवत राहतात आणि त्यांतून कान सोडवायला वेळ लागतो. 'कन्फ्युटॅटिस' जेमतेम अडीच-तीन मिनिटांचे आहे. तिला ते प्रथम नुसते ऐकू द्यावे आणि किती वेगवेगळे आवाज ओळखू आले ते विचारावे, मग चित्रपटातला तो एकच प्रसंग दाखवावा आणि पुन्हा नुसते ऐकवावे. दुसऱ्या खेपेला तिला बरेच अधिक ऐकू येईल. पूर्ण चित्रपट दाखवायचा झाल्यास 1984 ची मूळ आवृत्ती निवडावी, कारण 2002 साली आलेल्या वाढीव आवृत्तीत तिच्या वयाला न शोभणारा प्रसंग आहे.

देसीच्या बाबतीत क्रम थोडा निराळा ठेवावा. तिच्या गुरुजींनी हा राग अजून शिकवला नसेल तर स्पर्धेतल्या ताना तिला पाठ करू देऊ नयेत. मुले हुबेहूब नक्कल फार लवकर करतात आणि रागाची चाल हातातून निसटते. त्याऐवजी अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची ध्वनिमुद्रिका आणि बापूरावांची छोटी ध्वनिमुद्रणे तिला आलटून पालटून ऐकवावीत, दोघांचे आवाज ओळखीचे झाले की मगच ती बंदिश लावावी, आणि आता कोण गातो आहे हे तिलाच सांगू द्यावे.